मामीची मांडी

काय सांगू तुमाला बाई, माझा जलम बापाच्या गावचा, पन बापाच्या गावची मला वाटसुदिक ठावी न्हाई. आई मला जलम देऊन गेली आन आजीनं, म्हंजी आईच्या आईनं, मला फडक्यात गुंडाळून आजोळी आनलं, सोनईजवळ. बापानं दुसरं लगीन केलं, त्याला तरी काय बोलायचं, तवा समदेच करायचे. आजी आन मामा, हीच माझी मानसं. मामाला अजून मिसरूड फुटली न्हवती, तवापासनं त्यो माझा बाप झाला, शेरडाचं दूध पाजून जगवली मला.

आता तुमी नाकाकानाचं इचारलं म्हनून सांगते. आमच्यात पोर झालं की बाराव्याला, न्हाई तर जरा पुढं, सोनार येतो, मामा पोराला मांडीवर घेतो, तोंडात गूळ-खोबरं घालत्यात आन कान टोचत्यात. मामाचीच मांडी लागती, बापाची चालत न्हाई. माझ्या बाराव्याला घरात मयत झालेलं, कोन टोचतंय. मंग मी सारखी आजारी, आजी म्हनायची अंगानं जरा भरू दे. मंग मामाच म्हनायचा, टोचू की, घाई काय हाय, पोरगी रडंल. त्याला माझं रडं सोसायचं न्हाई, लई भित्रा मानूस, आन असला मानूस पलटनीत गेला बघा, लढाई चालू हुती ना तवा. सुट्टीवर आला तवा आजीनं त्याचं लगीन उरकून घेतलं. माघारी जाताना माझी कानाची पाळी चिमटीत धरून म्हनला, पुढल्या सुट्टीला सोनाराला बोलवायचं, मी घेतो तुला मांडीवर, पन लई थोराड झालीस गं, मांडी मोडंल माझी. हासला आन गेला.

त्यो गेला त्यो गेलाच. लढाई संपली, आजूबाजूच्या गावची पोरं माघारी आली, कुनाचा पाय न्हवता, कुनी येडा होऊन आला, पन आला. आमचा न्हाई. निरोप आला की मानूस बेपत्ता हाय. आजी दिसंल त्याला इचारायची, बेपत्ता म्हंजी काय वो, हाय का न्हाई? कुनी धड सांगंना. मामी तवा केवढी, माझ्यापरीस थोडीच मोठी. आमी एका ताटात जेवायचो, पान्याला संगं जायचो, भांडायचोसुदिक. मला भुंडी म्हनून चिडवायची, आन मी चिडले की तिच्या कानातलं काढून माझ्या कानाला धरायची, म्हनायची बघ कशी दिसतीस, तुझा मामा आला की होतंय समदं. मामा आला की, मामा आला की. त्या घरात दुसरं बोलनंच न्हवतं.

मला चौदावं लागलं आन स्थळ आलं, हितलंच, कर्जतकडचं. सासरा बघून गेला, पसंत केली, आन उठता उठता म्हनला, पोरीचं नाक-कान मोकळं कसं वो? आमच्यात नथ घालून बोहल्यावर उभी करत्यात, हळदीच्या आत टोचून घ्या, न्हाई तर आमाला दुसरीकडं बघावं लागंल. रीतीचंच बोलला बिचारा. आजी नुसती मान हालवत ऱ्हायली.

आता मांडी कुनाची? भावकीतल्या बाया म्हनल्या, चुलत मामा हाय की. मामाचा चुलतभाऊ, वस्तीवर ऱ्हायचा, गरीब मानूस. सख्खा नसंल तर चुलत बसतो, त्यात वावगं काई न्हाई. पन कवा बसतो, सख्खा मेल्यावर! परगावी असला तर त्याच्यासाठी थांबत्यात. ही गोष्ट समद्यांला ठावी हुती आन तोंडानं कुनी बोलंना. आजी चुलीपुढनंच म्हनली, बोलवा त्याला, पोरीचं जमलेलं लगीन मोडू का मी? बघा बाई, पोटच्या पोराला गेला म्हनायची येळ आली तिच्यावर, माझ्या नाकासाठी. मामी तिथंच भाकरी थापत हुती. तव्यातली भाकरी करपली.

सोनार आला. ओसरीवर पाट मांडला, चुलत मामा धुतलेला फेटा बांधून आला आन मांडी घालून बसला. सोनारानं काजळीनं माझ्या पाळीवर ठिपके दिले, नाकपुडीवर दिला. मी बसायला वाकले, तवर मामी आतनं आली. डोईवर पदर, हाताला पीठ तसंच. एवढे बापे बसलेले, त्यांच्यापुढं कवा न आलेली बाई ती. म्हनली, उठा भावजी.

आजी म्हनली, अगं, काय लाजबीज? मामी म्हनली, आत्या, आज त्यांच्या जागी दुसरं मानूस बसलं की उद्या ह्याच बाया माझं कुकू पुसायला येतील. बेपत्ता हायेत ना? मंग बेपत्ताच ऱ्हाऊ द्या. ते न्हाईत तर मी बसते. बाया तोंडाला पदर लावून बघायला लागल्या. सोनार म्हनला, बाई, आजपातुर मामीच्या मांडीवर मी कुनाला टोचलं न्हाई. मामी म्हनली, मंग आज टोचा. चुलत मामा भला मानूस, त्यो गुमान उठला, फेटा सोडून हातात घेतला आन भिताडाला टेकून उभा ऱ्हायला.

मामी पाटावर बसली आन मला वढलं. आता मी अंगानं तिच्यापरीस थोराड, माझं पाय पाटाभाईर, तिची मांडी सारखी थरथर करायली, आन मला त्या टायमालासुदिक हासू यायला लागलं. सोनार आजीकडं बघत थांबलेला. आजी व्हय म्हनली तर चालनार, न्हाई म्हनली तर न्हाई. आजी उठली, गूळ-खोबऱ्याची चिमट माझ्या तोंडात कोंबली आन म्हनली, टोच रे बाबा.

तान्ह्या पोराची पाळी मऊ असती, माझी निबर झालेली. तार घुसली तशी मी वरडले. नाकाला तर डोळ्याम्होरं अंधारी आली. मामीनं मला आवळून धरलं आन तीच माझ्या मानंवर रडत हुती, माझ्यापरीस जास्त. पुढं हळद-तेल लाव, कडूलिंबाची काडी घाल, नाक सुजून लाल झालं हुतं, ते समदं तिनंच केलं. लग्नातबी भटजी म्हनले, मुलीच्या मामानं मुलीला आनावं, तवा तीच माझा हात धरून पुढं आली. सासऱ्यानंबी चालवून घेतलं.

माझं झालं बाई सुरळीत. पन तिचं? आमच्यात तवा पाट लावायची रीत हुती, दुसरा घरोबा करता येत हुता. आजीनं स्वता सांगितलं तिला, पोरी, तुझं वय हाय, मी काई म्हननार न्हाई. तर मामी म्हनली, आत्या, तुमीच गूळ भरवला ना त्या दिवशी? मला लई राग यायचा तिचा. किती येळा भांडले, कशापायी अडकून बसलीस म्हनलं. समद्या गावाम्होरं एकदा बोलून बसली आन त्या बोलन्याला जलमभर राबली. कुनी हळदी-कुकवाला बोलवायचं, कुनी टाळायचं. आजी गेली तवा मी तिला माझ्याकडं आनलं, हितंच, ह्या खोलीत ऱ्हायली. पिकलं केस आन कपाळाला रुपयायेवढं कुकू. मीबी थकत गेले, भांडायचं सोडून दिलं.

गेली ती. बाया मला इचारायला लागल्या, लुगडं कोनतं नेसवायचं? मी म्हनलं हिरवं आना, चुडा भरा, कपाळ भरा, सवाशीन चालली हाय.

वर्स सरलं, पितरांचा पंधरवडा आला. पोराला म्हनलं, औंदा मामाचंबी पान वाढायचं. आजवर कवा वाढलं न्हवतं आमी. पोरगा म्हनला, आई, तुझ्या मामांची तिथी कोनती धरायची?

मी म्हनलं, मामी गेली तीच धर बाबा, तवर त्यो हुता.