उंच लागणारा दात

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आमच्या लॅबचे मालक; व्यासपीठावरच्या प्रमुख पाहुण्या, दातांच्या डॉक्टरीणबाई, ज्यांच्या पेशंटांचे निम्मे दात आमच्या टेबलांवर घडले; माझे सगळे सहकारी; आणि चहा कधी येतो म्हणून दाराशी ताटकळलेले कुरिअरवाले दादा, आपणा सर्वांना नमस्कार.

आधी एक खुलासा करते. बोलताना माझा खांदा उडेल, हा हात मधेच वर जाईल. तो कुणाला बोलावत नाहीये आणि टाळ्याही मागत नाहीये. तुम्ही आपलं खुशाल चेहऱ्याकडे बघा.

आत्ताच साहेबांनी माझ्या हसतमुख स्वभावाचा गौरव केला. साहेब, जन्मभर दुसऱ्यांचे दात बनवणाऱ्या बाईचं आणखी कशावरून कौतुक करणार म्हणा! पण आपण ज्यांचे दात घडवतो, त्यांना हसताना कधी बघतो का हो? आपल्याकडे येतो तो फक्त जबड्याचा साचा. माणूस कुठेतरी लांब. मला हे काम आवडायचं ते त्याचसाठी. आता वाटतं, थोडी माणसं दिसली असती तर बरं झालं असतं.

माझा आजार तुम्हाला ठाऊक आहे, नाव घ्यायला तुम्ही कचरता, म्हणून मीही घेत नाही. मेंदूतला बिघाड आहे, पिढीजात, लाखात एखाद्याला होणारा. वडिलांकडून मला नाक आलं आणि हा आला. बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे. फळ्यावर रेघ ओढताना त्यांचा हात उडायला लागला, चालताना तोल जायला लागला, आणि लोक म्हणाले, मास्तर प्यायला लागले. बाबांनी थेंबालाही कधी हात लावला नव्हता. पण आजाराचं नाव कुणालाच माहीत नव्हतं, मग दारूचं नाव चिकटलं. त्यांना शाळेने घरी बसवलं. फुलं नाहीत, भाषण नाही. आज माझ्यासमोर एवढा मोठा गुच्छ बघून मला त्यांचीच आठवण येतेय.

मला एक धाकटा भाऊ आहे. त्याने तपासणी करून घेतलेली नाही आणि त्याला घ्यायचीही नाही. तो त्याचा हक्क आहे. पण तो माझ्याकडे यायचाही बंद झाला. म्हणाला, "ताई, तुझ्याकडून घरी गेलो की मी नुसता स्वतःच्या हातांकडे बघत बसतो गं." मी म्हटलं, बरं, नको येऊस. फोन करत जा. फोन करतो कधीमधी.

असो. निरोप समारंभात रडगाणं गाऊ नये, हे मलाही कळतं. गोळीकडे वळते.

मेंदूच्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं, याने आजार बरा होणार नाही, हातांचं नाचणं तेवढं कमी होईल. सुरुवातीला मी ती बाथरूममध्ये जाऊन घ्यायचे, चोरून चिंच खाल्ल्यासारखी. आणि खरंच, हात थांबले! दाताचं मेण कोरताना सुरी पुन्हा जिथे ठेवायची तिथे बसायला लागली. किती आनंद व्हायला हवा होता? पण आनंद होईना. जेवण बेचव, गाणं नको, झोपेतून उठलं तरी झोप. डॉक्टरांनी विचारलं, "मन उदास असतं का?" मी म्हटलं, "हात थांबलेत, डॉक्टर." ते म्हणाले, "मी हातांचं विचारलं नाही." मग त्यांनी गोळी थोडी कमी केली. हात थोडे परत आले, मीही थोडी परत आले. आमची तिघांची, म्हणजे माझी, हातांची आणि गोळीची, अशी तडजोड झाली. त्या तडजोडीतही माझं काम चोख होत होतं. हे मी छातीठोकपणे सांगते.

आता बाहेरून आलेल्यांसाठी आमची एक रीत सांगते. इथे तयार झालेला दात शेजारच्या टेबलावर द्यायचा. शेजाऱ्याने साच्याच्या दोन्ही जबड्यांमध्ये निळा कागद धरून ते मिटून बघायचं, डाग गडद पडला की दात उंच लागतोय. मग तो परत. ही आमची दुसरी नजर. माझी शेजारीण आमची भिंग, सतत डोळ्यांवर भिंग चढवून बसते म्हणून भिंग. हिने मला काय कमी छळलंय? "ताई, हा दात आहे की उखळ?" असं तोंडावर म्हणायची. आम्ही भांडायचो, अबोला धरायचो, आणि दात मात्र सुरेख निघायचे.

माझा आजार कळला आणि भिंग म्हणायला लागली, "छान आहे, ताई." प्रत्येक दात छान. मला वाटलं, गोळीचा गुण.

एकदा मी गोळ्यांची पट्टी टेबलावर विसरून गेले, म्हणून संध्याकाळी परत आले. दारातून बघितलं, तर भिंग माझ्याच टेबलापाशी बसून मी केलेला दात पुन्हा पहिल्यापासून करत होती. निळा कागद जवळ पडलेला होता, कोरा. म्हणजे तिने माझा दात तपासलाही नव्हता. चुकला असणारच, असं धरूनच चालली होती. मी गोळ्या तिथेच सोडून माघारी फिरले. त्या रात्री गोळीवाचून घास तोंडापर्यंत पोचेना, पण मला त्याचं काही वाटलं नाही. एवढं एकटं मला भाऊ यायचा थांबला तेव्हाही वाटलं नव्हतं.

भिंग, मान खाली घालू नकोस. तू हे मायेने केलंस, मला माहीत आहे. पण बाबांना लोकांनी न तपासता वाईट ठरवलं आणि मला तुम्ही न तपासता छान ठरवलं. दोन्ही वेळा बघितलं कुणीच नाही.

आज सकाळी मी माझा शेवटचा दात केला. घाबरू नका, पेशंटचा दात मी वेगळा नीट करून डबीत भरलाय. हा दुसरा मी मुद्दाम उंच केला, मूल बघेल तर त्यालाही कळावं इतका. भिंगच्या हातात दिला. ती म्हणाली, "छान आहे, ताई."

आता आवरतं घेते. साहेबांचे आभार, त्यांनी मला झेपेल तोवर काम दिलं. पाहुण्यांचे आभार. कुरिअरवाल्या दादांचे आभार, माझ्या हातून पडेल म्हणून त्यांनी डबी कधीही दोन हातांनी घेतली नाही. आणि रिवाजाप्रमाणे चुकलंमाकलं पोटात घाला असं मला म्हणायचं असतं. ते मी म्हणणार नाही. कृपा करून पोटात घालू नका. भिंग, ऊठ. हा साचा, हा सकाळचा दात. सगळ्यांसमोर सांग, कसा आहे?

मोठ्याने बोल, मागे ऐकू जात नाही.

"उंच आहे, ताई."

हं. आणखी?

"डाव्या बाजूची कडही बसलेली नाही. फट राहिलीय."

डावी कड? ती मी मुद्दाम नाही केलेली.

म्हणजे तू बघितलास.

मी आपली फार फार आभारी आहे.