हिरीजवळचं पाच गुंठं

माझं माहेर कऱ्हाटीचं आन् दिली बावड्याला. माहेरी आमच्या समदं माळवं, वांगी म्हना, टमाटं म्हना, मेथी म्हना, पोरगी चालाय लागली की खुरपं हातात, आन् हितं सासरी आले तर जिकडं बघावं तिकडं ऊस, भाजी बाजारातनं इकत आनायची. काय सांगू तुमाला, मला लाज वाटायची, एवढं रान, एवढं पानी, आन् कोथिंबिरीची जुडी इकत आनायची व्हय!

सासऱ्यास्नी समदी तात्या म्हनायची. त्यांच्या मागंच लागले, तात्या, हिरीजवळचं पाच गुंठं मला माळव्याला द्या. ते म्हनलं, घे, एक साल बघू, न्हाय जमलं तर पुढच्या लागनीला तितं बी ऊस. मी म्हनलं, व्हय.

गावातल्या नर्सरीतनं टमाट्याची रोपं आनली, लावली, काठ्या रवल्या, सुतळी वढली, फुलं लागली. तात्या येता-जाता बघायचं. मग पडला मावा, पानाखाली नुसतं बारीक किडं. आमचं मालक म्हनलं, मी फवारतो, तर मी म्हनलं, ऱ्हाऊ द्या, मी माळव्याच्या घरची हाय, मला काय शिकवता. पडवीतला पंप घेतला, औषध घातलं, मारलं. चार दिसात शेंड्याची पानं आकसली, मुडपली, दोऱ्यावानी बारीक झाली. समदं टमाटं गेलं ओ.

माझा राग लई वाईट, तवा तर लईच. तशीच गेले नर्सरीवाल्याकडं, धा मानसांत त्याला नको नको ते बोलले, रोगाची रोपं दिली म्हनलं. बिचारा तसाच गाडी काढून रानात आला. पान हातात घेतलं आन् इचारलं, वैनी, औषध कंच्या पंपानं मारलं? म्हनलं, घरच्या. त्यो म्हनला, आन् उसाला तननाशक कंच्या पंपानं मारता? तवा माझ्या ध्यानात आलं. त्योच पंप! आदल्या दिशी मालकांनी उसाला तननाशक मारलं व्हतं आन् पंप तसाच ठिवला व्हता. उसाला त्याचं काय हुत न्हाय, पर टमाट्याला थेंब बी सोसत न्हाय. माहेरी ऊसच न्हवता, मला कुठलं ठावं.

तात्या बांधावर उभं. मालकांचं नाव घेता आलं असतं मला, पंप त्यांनीच घान ठिवला व्हता. पर मारायच्या आदी बघायचं कुनी? म्याच. म्हनलं, तात्या, चूक माझी हाय, पंप म्या धुतला न्हाय. आन् दुसऱ्या दिशी जाऊन नर्सरीवाल्याला त्याच धा मानसांत म्हनलं, भाऊ, मी चुकले. लई जड गेलं ते, रोपं उपटताना बी एवढं जड गेलं न्हवतं.

उसाच्या लागनीच्या टायमाला ट्रॅक्टर सरी काढत काढत माझ्या वाफ्यापाशी आला, म्हनलं, आता हितं बी ऊस, तर तात्या आडवं उभं ऱ्हायलं आन् ड्रायव्हरला म्हनलं, हितनं वळव. मग माझ्याकडं बघून म्हनलं, आपली चूक आपन सांगनाऱ्याच्या हाती रान द्यायला मला भ्या वाटत न्हाय.

त्या पाच गुंठ्यात मी लई चुकले बगा, एकदा बियानं खोल पडलं, एकदा कांद्याला पानी जास्ती झालं, एकदा गवार उसाच्या सावलीत लावली. पर एक चूक दोनदा केली न्हाय. आज बाजारात बाया माझी वांगी हुडकत येत्यात, अभिमानानं सांगते मी.

औंदा सून आली. माझ्या वाफ्यात तिनं कोंबडीखत घातलं, कुजवलंच न्हाय, ताजंच टाकलं, समदी मेथी करपली. पोरगं म्हनलं, आई, ऱ्हाऊ दे, हितं बी ऊसच लावू. सून रडत आली, आत्या, माझंच चुकलं म्हनली. मी पोराला म्हनलं, उगं बस, ती तुझ्यापरीस चांगली शेतकरीन व्हईल, जा, मेथीचं बी घिऊन ये. आन् सुनंला म्हनलं, डोळं पूस बाई, आजपास्नं हे पाची गुंठं तुझं.