यासीनचा रकाना

गुंडातात्या : जीनत, फौंड्रीतनं गुंडातात्या बोलतोय, हजेरी लिवनारा. यासीन शुद्धीवर आला का?

जीनत : न्हाई, तात्या. परवा गाडीवरनं पडल्यापास्नं डोळा उघडला न्हाई. डॉक्टर म्हनत्यात, डोक्याचं आपरेशन उद्या सकाळी करायलाच पायजे. विम्याचं, खर्च मंजूर झाल्याचं पत्र कवा येतंय?

गुंडातात्या : त्यापायीच फोन केलाय. विमावाल्यास्नी ह्या महिन्याचं हजेरीपत्रक पायजे, कामगाराच्या सहीचं. आज पाचच्या आत.

जीनत : मग द्या की.

गुंडातात्या : त्यावर यासीनची सही न्हाई.

जीनत : बाकीच्यांच्या हायत?

गुंडातात्या : समद्यांच्या. आमच्यात एक तारखेलाच कोऱ्या पत्रकावर सह्या घेत्यात, तास मी मागनं भरतो. एकटा यासीन ऐकायचा न्हाई. काम झाल्याबिगर सही कशी करू, म्हनायचा. मी लय चेष्टा केली त्याची. आता माजीच मला लाज वाटतीया.

जीनत : घरात बी तसंच. मागं तुमी हजेरीत अर्धा तास जादा लिवला म्हून घरनं तुमच्याकडं परत आल्ते.

गुंडातात्या : व्हय. माज्याकडनं खोडून घेतला, तवा गेला.

जीनत : तुमीच करा सही. त्यांची सही तुमाला पाठ असंल.

गुंडातात्या : पाठ हाय गं. पन विमावाले दवाखान्यात फोन करून इचारत्यात, मानूस सही करायच्या हालतीत हुता का. खोटं निघालं तर पत्र कायमचं गेलं.

जीनत : मग माजा अंगठा घ्या.

गुंडातात्या : बायकोचा चालत न्हाई. मानूस येऊ शकत न्हाई, तर मी त्याला फोनवर तास वाचून दावायचं, त्यानं व्हय म्हनायचं, मग माजी सही. असा नियम हाय.

जीनत : ते कसं व्हय म्हनतील?

गुंडातात्या : सायबाला तेच इचारलं. सायब म्हनला, त्याच्या हातात काय न्हाई.

जीनत : मी काय करू, तात्या?

गुंडातात्या : तुला आत सोडत्यात का?

जीनत : चारला, पाच मिनिटं. आता चार वाजतच आल्यात.

गुंडातात्या : फोन त्याच्या कानाला लाव. आवाज मोठा ठेव, तुला बी ऐकू येऊ दे.

(थोड्या वेळानं.)

जीनत : लावला, तात्या.

गुंडातात्या : यासीन, मी गुंडातात्या. तुजी हजेरी वाचतो. एक तारीख, आठ तास. दोन, आठ. तीन, सुट्टी. चार, आठ... जीनत, काय हाललं का?

जीनत : न्हाई.

गुंडातात्या : पापनी?

जीनत : न्हाई, तात्या. मशीन तेवढं वाजतंय.

गुंडातात्या : ऐक रं, यासीन. एकोणीस तारीख, बारा तास.

जीनत : तात्या, एकोणीसला ते दुपारीच आल्ते. पोरीचा शाळंतला दाखला आनायचा हुता.

गुंडातात्या : ठावं हाय मला. कागदावर चारच तास हायत.

जीनत : मग बारा कशापायी वाचलं?

गुंडातात्या : तू गप ऱ्हा, पोरी. त्याला ऐकू दे. यासीन, एकोणीसला बारा तास लिवतोय मी. खोडा म्हन की रं.