दादाच्या कंपनीची डिस्क

डिस्कचं विचारताय, तर ऐका. थोरला भाऊ गेला, त्याच्या तेराव्याला आई म्हणाली, "दादाचा आवाज हाय न्हवं त्या कॉम्प्युटरात? लाव की." चालू केला, तर हार्ड डिस्क नुसती टकटक करायला लागली. मी गॅरेजात काम करणारा, मला दम कुठला? कार्बोरेटर उघडतो तशी डिस्क उघडली, कॉम्प्रेसरची हवा मारली. तरीही लागेना. मग सगळं उचलून उचगावच्या रिपेरीवाल्याकडं नेलं.

दादा कायम एकाच कंपनीची डिस्क घ्यायचा, त्यावरनं त्याचा आणि दादाचा कायम वाद. हा म्हणायचा, "तुझ्या कंपनीची डिस्क वर्षात मरती." दादा म्हणायचा, "माझी कंपनी दगा देत न्हाय."

डिस्क बघून तो खालीच बसला. "उघडलीस कशाला रं?"

"टकटक करत होती."

त्यानं कॉम्प्युटर तपासला. "पॉवर सप्लाय कमजोर झालाय, डिस्कला वीज पुरत न्हवती म्हणून टकटक. तेवढा बदलला असतास तर चालली असती. उघडून हवा मारलीस, आत धूळ गेली, आता हिच्यातनं काय निघत न्हाय. डिस्क चांगली होती, तुझा दादाच बरोबर."

घरी आलो. आई दारातच उभी होती.

"दादाची कंपनी चांगली निघाली, आई," मी म्हणालो.

"मग लाव की," म्हणाली, आणि कॉम्प्युटरच्या टेबलापुढं जाऊन बसली.