काटा आपला ढिम्म

नाही, पण मला एक सांगा, माणसाने गाडीत बसायचं कसं? डोकं वर, पाय खाली. बरोबर ना? हे कोणी शिकवावं लागतं का? आणि मी, चांगला शिकलासवरलेला, चष्मा लावणारा, केस पिकलेला गृहस्थ, भर दुपारी मेस्त्रींच्या गॅरेजात डोकं पेडलांमध्ये आणि पाय आभाळाकडे करून गाडीत बसलो होतो... बसलो कसला, पेरलो गेलो होतो! आणि कशासाठी? तर एका काट्यासाठी! वेग दाखवतो ना, तो काटा. गाडी पळतेय, इंजिन बोंबलतंय, झाडं मागे चाललीत, डोक्यावरची टोपी उडून मागच्या सायकलवाल्याला मिळालीय, आणि काटा आपला शून्यावर... ढिम्म!

आणि गाडी माझी नाही हो! गाडी दादाची. माझ्या थोरल्या भावाची. जुनी स्पोर्ट्स कार, लाल, दोनच माणसांची, छप्पर मागे सारता येणारी आणि बसकी. बसकी म्हणजे किती, तर सिग्नलला शेजारच्या ट्रक-ड्रायव्हरला रस्ता विचारायचा झाला तर आधी त्याच्या टायरशी ओळख काढावी लागायची. मी म्हणायचो, "दादा, अरे या वयात हिच्यात शिरायचं म्हणजे गुडघे काढून मागे ठेवावे लागतात." तर तो म्हणायचा, "शिरणं सोपं आहे रे, बाहेर पडावंसं वाटत नाही हा प्रॉब्लेम आहे."

मागच्या वर्षी दादा गेला. गाडी राहिली. वहिनींच्या दारात, ताडपत्रीखाली. मी गेलो की वहिनी बोलता बोलता खिडकीतून त्या ताडपत्रीकडे बघायच्या आणि वाक्य अर्धंच राहायचं. पुढचं अर्धं मी कधी विचारलं नाही. मला वाटलं, ही गाडी यांना डोळ्यांसमोर नको झालीय. म्हणून एकदा मीच म्हटलं, "वहिनी, गाडीला गिऱ्हाईक बघू का?" त्या म्हणाल्या, "तुम्हाला योग्य वाटेल तसं, भाऊजी."

आता मला सांगा, "तुम्हाला योग्य वाटेल तसं" याचा अर्थ काय लावायचा? हो? नाही? आमचं कसं आहे, वहिनी मला "अहो भाऊजी," मी त्यांना "अहो वहिनी," आणि इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांना "नको" हा शब्द चुकूनही ऐकवलेला नाही! तिसरा चहा त्यांना करायचा नसतो, मला प्यायचा नसतो, पण त्या करतात आणि मी पितो. दादा बघायचा आणि हसायचा. भीड हो, भीड! भीड भिकेची बहीण म्हणतात ना, आमच्याकडे ती मुक्कामालाच होती! आणि तुम्हाला म्हणून सांगतो, विकावी असं मला तरी कुठे वाटत होतं? पण वहिनींच्या जिवाला बरं वाटेल म्हणून... असो.

गिऱ्हाईक मिळालं. दाताचे डॉक्टर. गाडी बघायला आले ते खिशात तो दांडीचा छोटा आरसा घेऊन! बॉनेट उघडायला लावलं, म्हणजे जवळजवळ "आ करा" म्हणाले. आरसा आत घातला, बोटाने टकटक केलं, "इथे जरा किडलंय, भरून घेऊ" म्हणाले. खूश होते. मग आम्ही चक्कर मारायला निघालो. गल्ली गेली, चौक गेला, मोठा रस्ता लागला, डॉक्टरांच्या टकलावर वारा लागायला लागला... आणि काटा आपला शून्यावर... ढिम्म! अहो, दादा असताना हा काटा कसा नाचायचा! डॉक्टरांचा चेहरा दाढ दुखल्यासारखा. म्हणाले, "काटा म्हणजे गाडीची नाडी हो. नाडी लागत नसताना मी घेऊ कशी? तेवढी लागू दे, त्याच दिवशी घेऊन जातो."

घरी येऊन सांगितलं तर आमची ही म्हणाली, "म्हणजे गाडी भावाची, विकणाऱ्या वहिनी, घेणार डॉक्टर, आणि कंबर मोडणार तुमची. छान वाटणी झाली." तेव्हा हसलो मी. हसायला नको होतं.

नेली मेस्त्रींकडे. वहिनींच्या घरामागच्या गल्लीतच त्यांचं गॅरेज. मेस्त्री माणूस चांगला, पण बोलणं एकाच अक्षराचं. "हं." तुम्ही काहीही विचारा. "मेस्त्री, होईल ना?" "हं." "की नाही होणार?" "हं." मग काय ते तुम्ही त्या हं-च्या लांबीवरून ओळखायचं. वर्षातून कधीतरी एक पूर्ण वाक्य येतं, ते त्या दिवशी माझ्या नशिबी आलं. म्हणाले, "गिअरबॉक्स तार फिरवतो, तार काट्याला फिरवते. तिघांत एक जण कामचुकार आहे."

झालं! चौकशी सुरू! आधी त्यांनी मला आकडे बघायला लावले, ते काट्याखाली किलोमीटरचे आकडे असतात ना, ते सरकतात का? नाही सरकत. म्हणजे एकटा काटा रुसलेला नाही, वरपर्यंत काही पोचतच नाहीये. मग गाडी जॅकवर चढवली, खालून गिअरबॉक्सकडचं तारेचं टोक सोडवलं, चाकं फिरवली. गिअरबॉक्स इमानदार निघाला, फिरवतोय बिचारा. मग तार ओढून काढली. काळ्या नळीतून ही लांबलचक तार, वंगणाने माखलेली. मला वाटलं तुटलेली निघणार. कसली! अखंड! परत आत घातली, खालून तिला ड्रिल लावलं आणि घुर्रर्र फिरवली. मी वर बसून काट्याकडे टक लावून! मेस्त्री खालून, "हं?" मी वरून, "नाही!" "हं?" "नाही हो!" तार फिरून फिरून गरम झाली, आणि काटा आपला शून्यावर... ढिम्म!

म्हणजे गडबड कुठे? वर. मीटरच्या पाठीमागे, जिथे तार मीटरला मिळते तिथे. आणि तिथे पोचायची वाट कशी, तर डॅशबोर्डच्या खालून, वायरींच्या जंजाळातून, मनगटाएवढी! मेस्त्रींचा पंजा म्हणजे फावडं. त्यांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे बघितलं, आणि म्हणाले, "हं." ओळखलं मी.

कपडे खराब होतील म्हणून त्यांनी त्यांचा निळा डगला आणि विजार मला चढवली. बूट मी काढून बाहेर ठेवले, सीटचं कातडं दादाने लेकरासारखं जपलेलं, त्याला टाच लागायला नको. छोटी टॉर्च दिली, ती कुठे धरणार? दातांत. आणि शिरलो. डोकं खाली पेडलांपाशी, पाठ सीटवर, पाय सीटच्या पाठीवरून वर बाहेर. दोन्ही हात वर वायरींत. चाचपडतोय, चाचपडतोय, आणि लागलं हाताला! तारेचं डोकं असं मोकळं लोंबतंय! त्याचा नट पार सुटलेला! दोष मिळाला हो! मी आनंदाने उसळी मारली आणि खाली काहीतरी "कट्!" म्हणालं, आणि सीट पुढे सरकली... आणि तिथेच बसली. माझ्यासकट.

मेस्त्रींनी खटका ओढून बघितला. लाथ मारून बघितली. सीटला, मला नाही, पण पोचली मलाच. मग "हं" म्हणाले, हा चांगला लांब होता, आणि पाना आणायला दुकानात गेले.

आता मी एकटा. पेडल कानात, टॉर्च तोंडात, हात वायरींत, पाय जगासमोर. तेवढ्यात पायांपाशी कोणीतरी आलं. "मेस्त्री, स्कूटर कधी देताय?" मी म्हटलं, मी मेस्त्री नाही, मी इथे अडकलोय, मला बाहेर काढा! पण टॉर्चमधून बाहेर काय आलं? "हं." तो म्हणाला, "उद्या? नक्की?" मी जिवाच्या आकांताने म्हटलं, "हं हं!" तो खूश होऊन गेला. डगला निळा, आवाज तोच, मुळात मेस्त्रींना तोंडाने ओळखतंय कोण?

आणि मग... मग वहिनी आल्या.

आवाजावरून ओळखलं. "मेस्त्री, मोजे फाटलेत तुमचे," म्हणाल्या. माझा डावा अंगठा शरमेने आत वळला. मग गाडीवर हात फिरवत असाव्यात, तसा आवाज येत होता. म्हणाल्या, "तुम्हाला सापडेलच, म्हणून आधीच सांगते. मागचा नट मीच सोडलाय. डॉक्टर यायच्या आदल्या दिवशी."

मी आत गार!

"ह्यांचा हात तिथे जायचा नाही. माझा जायचा. हे खाली दिवा धरून बसायचे आणि मी नट आवळायची. म्हणायचे, मीटर तुझ्या खात्यात. आता बघा, गाडी विकली जाईल. मला ती विकायला नको आहे. पण भाऊजींना कसं सांगू? एवढ्या मायेने गिऱ्हाईक आणलंय. त्यांना ही बघवत नसेल, भावाचा जीव आहे तो. माझ्या दारात येतात, तर ताडपत्रीकडे पाठ करून बसतात. मी नको म्हटलं तर तेही ऐकतील हो, आणि आतल्या आत सोसतील. त्यापेक्षा तुम्हीच सांगा, होणार नाही म्हणून. तेवढं कराल ना?"

तुम्ही म्हणाल, टॉर्च थुंकून टाकायची ना! सांगायचं ना, वहिनी, मी आहे इथे, मलाही नकोय विकायला! अहो पण इतकं सगळं ऐकून घेतल्यावर कोणत्या तोंडाने सांगणार? आणि होतं ते तोंड टॉर्चने भरलेलं!  डोकं खाली असलं की डोळ्यांतलं पाणी कपाळाकडे जातं, हे मला त्या दिवशी कळलं.

मी म्हटलं, "हं."

"देव तुमचं भलं करो," म्हणाल्या आणि गेल्या.

मेस्त्री आले, पान्याने सीट सोडवली, मला मुळासकट उपटलं. "हं?" म्हणाले. मी सांगितलं, "होणार नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं, लोंबणाऱ्या तारेकडे वाकून बघितलं, परत माझ्याकडे बघितलं. "हं," म्हणाले. असला हं मी त्यांच्याकडून पूर्वी ऐकला नव्हता.

संध्याकाळी डॉक्टर वहिनींच्या घरी हजर. मी तोंड पाडून सांगितलं, "डॉक्टर, काटा काही होत नाही." वहिनी म्हणाल्या, "अरेरे!" इतक्या आनंदाने अरेरे म्हणणारं माणूस मी आयुष्यात बघितलं नाही. आणि डॉक्टर काय म्हणाले असतील? "हरकत नाही! परवापासून मला झोप नाही हो. तशीच घेतो! वेग काय, अंदाजाने कळतो!"

घ्या! वहिनींचा हात कपावर तसाच. मी बघतोय कपाकडे. आणि माझ्या तोंडून निघालं, "ब्रेकही... तसे अधूनमधूनच लागतात."

वहिनी म्हणाल्या, "आणि छप्पर गळतं. नेमकं चालवणाऱ्याच्या मानेवर."

"दार मधेच उघडतं," मी.

"वळणावर," वहिनी.

"डावीकडच्या."

"उजवीकडच्यासुद्धा, भाऊजी!"

"आणि सीट!" मी रंगात आलो, "सीट म्हणजे काय सांगू डॉक्टर, पुढे सरकते आणि माणसाला धरूनच ठेवते! उलटं लटकावून!"

बोलून गेलो. वहिनींनी हळूच खाली बघितलं. बूट दाराबाहेर काढलेले, डावा अंगठा मोज्यातून बाहेर, सगळ्यांना दर्शन देतोय. वहिनींनी अंगठा बघितला. मग मला बघितलं. मग उठल्या आणि म्हणाल्या, "चहा टाकते अजून." तोंड आत वळवलं होतं, पण खांदे हलत होते. हसण्याने की कशाने, मी विचारलं नाही. आमच्यात विचारायची पद्धत नाही.

डॉक्टर गेले. जाताना गाडीला वळसा घालून, दार उघडेल म्हणून लांबून गेले.

मग आम्ही दोघं खूप गंभीर. वहिनी म्हणाल्या, "दुसरं गिऱ्हाईक बघावं लागणार." मी म्हटलं, "बघावंच लागणार." त्या म्हणाल्या, "तोवर उभी राहून खराब होईल, नाही?" मी म्हटलं, "अगदी. चालती ठेवायला हवी." त्या म्हणाल्या, "तुम्हाला योग्य वाटेल तसं, भाऊजी." आणि किल्ली त्यांनी स्वतःच उचलली.

तेव्हापासून दर रविवारी आम्ही गिऱ्हाईक शोधायला बाहेर पडतो. त्याच गाडीतून. ताडपत्री गेली, छप्पर मागे, मी शेजारी, आणि चालवतात वहिनी. नट तसाच मोकळा आहे, काटा चालू झाला तर कोणीतरी घेऊन जाईल ना! आणि आम्ही दादाला म्हणायचो, काय वेड्यासारखी चालवतो! अहो, दादा म्हणजे गाय होता, गाय! वहिनी गिअर टाकतात आणि माझा आत्मा मागच्या चौकात राहतो. रस्ता दिसत नाही, नुसत्या रेघा दिसतात! मी दोन्ही हातांनी दार धरून, म्हणजे ते उघडत नाही तरी धरून, डोळे किलकिले करून मीटर बघतो, आणि काटा आपला शून्यावर... ढिम्म!

परवा न राहवून म्हटलं, "वहिनी, जरा हळू चालवता का?"

तर माझ्याकडे बघून, रस्त्याकडे नाही हो, माझ्याकडे बघून, इतक्या गोड आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, वेग किती आहे ते दिसतंय का तुम्हाला?"

म्हटलं, "नाही."

"मग जास्त आहे असं कशावरून म्हणता?"

मी आपलं दार आणखी घट्ट धरलं!