मार्शथॉर्पच्या मुक्या घंटा

दिनांक ३ फेब्रुवारी २०२०, दुपारी २ वाजून १० मिनिटे

नाव थेल्मा रूथ पेल, माहेरचे आडनाव स्केल्टन, वय ६९ वर्षे, धंदा शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त, राहणार ३, कोस्टगार्ड लेन, मार्शथॉर्प, जिल्हा लिंकनशायर. नुसते ‘निवृत्त’ लिहिण्यास माझी हरकत आहे, कारण चर्चच्या घंटांची देखभाल मी अजून करते.

मी समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते. माझा धाकटा भाऊ रेग स्केल्टन गावातच राहतो. चर्चच्या मनोऱ्यात सहा घंटा असून त्या वाजवणारे आम्ही सहा जण आहोत. बदलीला सातवा मिळत नाही. सर्वांत लहान, एक नंबरची घंटा माझी. सर्वांत मोठी, सहा नंबरची घंटा रेगची, आणि कधी सुरू करायचे, कधी थांबायचे हा हुकूमही त्याचाच.

दिनांक २६ जून २०१६ रोजी, म्हणजे युरोपीय युनियनबाबतचे मतदान होऊन तीन दिवसांनी, रविवारी रेग माझ्याकडे जेवायला आला होता. त्याने बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिले होते, मी राहण्याच्या. ताटात भाजलेले गोमांस वाढून झाले होते. तो म्हणाला की, युरोपवाल्यांनी आपल्या बापाची बोट बंद पाडली, आज त्याचा हिशेब झाला. त्यावर मी म्हणाले, “बाबांची बोट आइसलंडने बंद पाडली, त्यांच्या समुद्रात मासेमारीला बंदी घालून. आइसलंड त्या युनियनमध्ये तेव्हाही नव्हता आणि आजही नाही.” त्याने काटा-सुरी खाली ठेवली आणि टोपी घेऊन निघून गेला. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोललेला नाही. हे जबाबात घेण्याची गरज नाही असे हवालदारसाहेबांचे मत पडले. मी म्हटले, घ्या.

बोलणे बंद झाले तरी वाजवणे बंद झाले नाही. दर मंगळवारी आम्ही दोघे सरावाला जातो. तेथे तो मला ‘एक नंबर’ म्हणतो. “एक नंबर, घाई नको.” साडेतीन वर्षांत माझ्या भावाने माझ्याशी केलेले संभाषण एवढेच.

३१ जानेवारीच्या रात्री देश बाहेर पडणार होता, त्या क्षणी घंटा वाजवाव्यात असा अर्ज ग्रामपंचायत सदस्य डेनिस ब्रॅकनबरी यांनी दिला होता. रात्री अकराला लोक झोपतात, असे सांगून पाद्रीबाईंनी शनिवारी दुपारी बाराची वेळ दिली. मी येणार नाही असे कळवले. बुधवारी पाद्रीबाई एक चिठ्ठी घेऊन आल्या. तीत रेगच्या अक्षरात लिहिले होते, ‘एक नंबर पाहिजे.’ पाच घंटा वाजवणे म्हणजे पुढचा दात पडलेल्या माणसाने फोटोसाठी हसणे. ते मलाही बघवत नाही. शिवाय त्याने बोलावले होते. मी हो म्हटले.

हो म्हटल्यावर पेच पडला. ज्या गोष्टीचे मला वाईट वाटते तिच्यासाठी आनंदाच्या घंटा मी कशा वाजवणार? आमच्याकडे मयताच्या दिवशी घंटेच्या लोलकाला एका बाजूने चामड्याचे पॅड बांधतात. मग एक ठोका खणखणीत पडतो आणि दुसरा दबका, लांबून आल्यासारखा. मी विचार केला, एक ठोका त्यांचा, एक आमचा. मतांचा निकालही साधारण तसाच होता. शुक्रवारी दुपारी तीन वाजता मी एकटी वर गेले, पेटीतली सहा पॅड काढली आणि प्रत्येक लोलकाच्या एका बाजूला एकेक बांधले. तीन नंबरचे बक्कल तुटले होते, ते ॲप्रनच्या नाडीने बांधले. पेटीची किल्ली फक्त माझ्याकडे असते.

शनिवारी चर्चच्या आवारात अंदाजे ऐंशी लोक होते. बहुतेकांच्या हातात आपले झेंडे होते आणि कोपऱ्यात चौघे जण युरोपचा निळा झेंडा घेऊन कुडकुडत उभे होते. टेबलावर सॉसेज रोल होते. ब्रॅकनबरी ध्वनिक्षेपकावरून म्हणाले, “ऐका, हा स्वतंत्र देशाचा आवाज!” आम्ही दोर ओढले. आवाज आला नाही. दोन घरे सोडून कोणी गालिचा झटकावा तसे धप्प, धप्प एवढेच ऐकू आले. एका बाजूच्या पॅडने असे होत नाही. दोन्ही बाजूंना पॅड बांधले तरच होते, आणि तसे फक्त राजा किंवा राणी गेल्यावर बांधतात.

मी रेगकडे पाहिले. तो वर छताकडे पाहत होता. थांबण्याचा हुकूम त्याने द्यायचा असतो, तो त्याने दिला नाही. वीस मिनिटे आम्ही सहा जणांनी घामाघूम होऊन काहीही वाजवले नाही. बाहेर निळ्या झेंड्याच्या चौघांनी टाळ्या वाजवल्याचे मला नंतर कळले. यात ब्रसेल्सचा हात आहे असे एक जण म्हणाला. रेगने सर्वांना सांगितले की, घंटा सर्दावल्या आहेत, समुद्रावरची हवा आहे, या दिवसांत असे होते. लोकांना ते पटत आले होते, पण ब्रॅकनबरी स्वतः वर चढले आणि बारा पॅड मोजून खाली आले.

त्यांच्या तक्रारीत घंटांचा आवाज चोरीला गेल्याचे म्हटले आहे. आवाज चर्चच्या बाहेर गेलाच नाही, मग चोरीला कसा गेला, हे मला समजत नाही.

विचारल्यावर मी प्रथम बाराही पॅड मी बांधली असे सांगितले. कारण दुसरी सहा कोणाची हे मला माहीत नव्हते, आणि जो कोणी असेल त्याला त्रास नको असे वाटले. तेव्हा हवालदारसाहेबांनी मला सहा काळे तुकडे दाखवले. ते रबरी बुटाचे आहेत. एकावर पांढऱ्या रंगात ‘स्केल्टन’ लिहिले आहे. ते आमच्या बाबांचे बोटीवरचे गुडघ्यापर्यंतचे बूट. बाबा गेल्यापासून रेगने ते खुंटीवर टांगलेले होते आणि पुसण्यासाठीसुद्धा मला कधी हात लावू दिला नव्हता. तुकडा मी रुमालाने पुसून परत दिला, याची नोंद घ्यावी.

भाऊ शेजारच्या खोलीत जबाब देत असून बाराही पॅड आपणच बांधली असे तो सांगतो, असे मला कळवण्यात आले. ते खोटे आहे. तीन नंबरला नाडी आहे की बक्कल, हे त्याला विचारावे.

ते विचारण्यात आले. त्यावर त्याने जे सांगितले ते मला वाचून दाखवले, ते असे: “शनिवारी सकाळी ग्रीस लावायला वर गेलो तर तिची पॅड दिसली. सोडून टाकणार होतो. पण मग आनंदाच्या घंटा तिला वाजवता आल्या नसत्या. तशीच ठेवली असती, तर दुसऱ्याच ठोक्याला सगळ्या गावाला कळलं असतं की हे थेल्माचं काम. तिला याच गावात राहायचंय. आवाजच आला नाही तर कुणावर नाव येणार? डेनिस एवढं पोट घेऊन बासष्ट पायऱ्या चढेल असं वाटलं नव्हतं.” त्यात ‘एक नंबर’ कोठेही नाही. थेल्मा असे नाव आहे.

सबब, एका बाजूची सहा पॅड माझी, दुसऱ्या बाजूची सहा त्याची. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. बुटाचे तुकडे काम झाल्यावर भावाला परत मिळावेत.

इथवरचे मी चष्मा लावून स्वतः वाचले, सांगितले तसेच उतरले आहे. एक ओळ पेनने वाढवून घेतली, ती अशी: आइसलंडबद्दल मी म्हणाले ते खरे आहे, पण भाऊ जेवायला बसलेला असताना ते म्हणायला नको होते. ही ओळ शेजारच्या खोलीत वाचून दाखवावी. माझी बस चार वाजता आहे. त्याचे संपेपर्यंत मी बाहेर बाकावर बसते, बस गेली तरी चालेल.

सही: थेल्मा आर. पेल