मावशींचा ढग

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आणि पोटावर पोहणाऱ्या, पाठीवर पोहणाऱ्या व काठावर बसून सल्ले देणाऱ्या माझ्या तमाम बंधुभगिनींनो,

सत्कारमूर्तींनी मला बजावलंय, थोडक्यात आवरा. अध्यक्षांनी त्यावर मान डोलावली, तीही मी पाहिली.

या आपल्या शिवणवाल्या मावशी. पाठीवर पोहण्यात त्यांचा हात धरणारं आपल्याकडे कोणी नाही. आपल्या तलावाच्या छतावर ओल येऊन एक लांब पट्टा उमटलाय ना, त्याकडे बघत त्या सरळ पोहायला शिकल्या. गेल्या वर्षीची स्पर्धा मात्र उघड्या तलावात होती, आणि दोघींच्या रांगा वेगळ्या ठेवणाऱ्या दोऱ्याही मधे बांधलेल्या नव्हत्या. वर छत कुठलं? मावशींनी एक ढग धरला. आता ढग काय एका जागी थांबतो? तो निघाला डावीकडे, मावशी त्याच्या मागे, आणि भिंत आली असं समजून त्यांनी शेजारणीचं डोकं पकडलं.

कुणीतरी ते मोबाईलवर टिपलं, वर संगीत चढवलं आणि दिलं सोडून. कपड्यांची मापं द्यायला आलेल्या बायका मावशींनी टेप सरळ धरलेली बघूनही हसू लागल्या. मावशी पोहायला येत राहिल्या, पण स्पर्धेचा विषय निघाला की पिशवी उचलून चालू लागायच्या. मंडळी, हरण्याला कोण घाबरतं हो? पण तेच हरणं रोज कुणीतरी नव्याने बघत असेल तर?

यंदा तिथेच चौघींची रिले होती, प्रत्येकीची पोहण्याची तऱ्हा वेगळी. पाठीवर पोहणारी नाही, तर संघच नाही. त्यांच्या जाऊबाई त्याच संघातल्या. त्या दर रविवारी मावशींना उघड्या तलावावर ओढून न्यायच्या. आभाळ विसरायचं, डोळ्याच्या कोपऱ्यातून काठ धरायचा. तरी नावं द्यायच्या दिवशी मावशींनी पिशवी उचललीच, दारापर्यंत गेल्या. मग वळून म्हणाल्या, "लिहा माझं. सरळ पोहले तर दाखवायला हसणाऱ्यांकडे उरेल काय?"

त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून आम्ही सगळ्यांनी मोबाईल एका पिशवीत कोंबले. आणि काय पोहल्या हो मावशी! खडूने आखल्यासारख्या सरळ. त्यांनी घेतलेली आघाडी शेवटपर्यंत कुणाला तोडता आली नाही. आपल्या मंडळाचं पहिलं सुवर्णपदक! मला रडू आलं, लपवत नाही.

पाण्याबाहेर येताच मावशींनी विचारलं, "शूटिंग घेतलंत ना?"

आम्ही मोबाईलची बंद पिशवी पुढे केली. मावशी पोट धरून हसल्या. "मग काय, पुढच्या वर्षी परत जिंकावं लागणार."

पुढच्या वर्षीसाठी आमच्याकडे पहिलं नाव आलंय, ते त्यांचंच.

आपण सगळे आलात, मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा उल्लेख राहिला असेल, काही अधिकउणं झालं असेल, तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या. आता अध्यक्ष मावशींच्या गळ्यात पदक घालतील. मोबाईल बाहेर काढा. या वेळी विसरलात, तर आपली काही खैर नाही.